बशीतले सात दिवस: गाईचं आयव्हीएफ आणि आईची शिदोरी

भ्रूणवेडी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नऊ वर्षं झाली, पुणे जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर फलन करून, गाई-म्हशींचे भ्रूण वाढवण्याचं काम करते. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणा पशुपालकाचा फोन येतो आणि प्रश्न एकच असतो: "मॅडम, तुम्ही म्हणालात गर्भ चांगला होता. मग गाय उलटली कशी, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली कशी?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही. म्हणून हा धागा काढते आहे. लॅबच्या दाराआड त्या सात दिवसांत काय चालतं ते सगळं सांगते, मग तुम्ही विचारा.

सोमवारी सकाळी दाता गाय, म्हणजे जिची बीजांडं घ्यायची ती, खोड्यात येते. शेपटीच्या मुळाशी मणक्यात भुलीचं इंजेक्शन देतात, म्हणजे ती कुंथत नाही. मग योनिमार्गातून सोनोग्राफीचा दांडा आत, दुसरा हात गुदमार्गातून बीजांडकोश धरायला, आणि पडद्यावर बघत बारीक सुईने बीजांडं असलेले २ ते ८ मिलिमीटरचे फुगे एकेक करून ओढायचे. गीर, साहिवाल अशा वशिंडाच्या गाई एका खेपेला होल्स्टिनपेक्षा बरीच जास्त बीजांडं देतात. म्हशीकडून फार कमी मिळतात, त्यामुळे म्हशीचं काम अजून कष्टाचं आहे.

बीजांड मिलिमीटरचा जेमतेम आठवा-नववा भाग. भोवती पेशींचं दाट वेष्टण. पण हे बीजांड अजून कच्चं असतं. त्याला ३८.५ अंशांवर, म्हणजे गाईच्या अंगाच्या उबेत, २२ ते २४ तास पिकवावं लागतं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की ते घट्ट वेष्टण पिंजलेल्या कापसासारखं फुललेलं असतं. ते दिसलं की जीव थंड होतो.

मंगळवार फलनाचा. वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यात वितळवायची, शुक्रजंतू धुऊन पोहणारे तेवढे वेगळे काढायचे. गाईच्या शरीरात शुक्रजंतूंना फलनाची ताकद बीजवाहिनीत येते. इथे ते काम हेपॅरिन करतं, तेच हेपॅरिन जे माणसांत रक्त पातळ ठेवायला देतात. साधारण १८ तास दोघांना एकत्र ठेवायचं. बुधवारी सकाळी उरलेल्या पेशी झटकून ते तेलाखालच्या थेंबांत हलवायचे. इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन फक्त ५ टक्के ठेवतो. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो, पण बीजवाहिनीत इतका कधीच नसतो, आणि जास्त ऑक्सिजन भ्रूणाला जाचतो.

बुधवारी रात्रीपर्यंत एकाच्या दोन पेशी. गुरुवारी चार, काहींच्या आठ. शुक्रवारी आठ-सोळा. आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळी गोष्ट या शुक्रवारची आहे.

या दिवसापर्यंत भ्रूणाने स्वतःचं असं जवळजवळ काहीच केलेलं नसतं. बापाची गुणसूत्रं आत आहेत, पण गप्प आहेत. पेशींची विभागणी चालते ती आईने बीजांडात भरून दिलेल्या आरएनए (जनुकांचे निरोप) आणि प्रथिनांवर. लेकरू लांबच्या प्रवासाला निघताना आई शिदोरी बांधून देते ना, तसंच. गाईत ही शिदोरी आठ ते सोळा पेशींपर्यंत पुरते. तिथे भ्रूणाला स्वतःची चूल पेटवावी लागते, म्हणजे त्याची स्वतःची जनुकं चालू व्हावी लागतात. ज्यांची होत नाहीत ते तिथेच थांबतात. शनिवारी पाहिलं तरी आठ पेशी, रविवारी पाहिलं तरी आठच. बशीत ते अगदी सुंदर, गोल, रेखीव दिसतात, पण पुढे सरकत नाहीत.

ज्यांनी तो उंबरा ओलांडला, ते रविवार-सोमवारी तुतीच्या फळासारखे घट्ट गोळे होतात. पेशी एकमेकींना इतक्या बिलगतात की वेगळ्या मोजता येत नाहीत. मंगळवारी, फलनापासून सातव्या दिवशी, आत पाण्याची पोकळी तयार होते. एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका, त्याचं वासरू होतं. भोवतीचा पातळ थर, त्याची पुढे वार होते. याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. हाच आपण दुसऱ्या गाईत ठेवतो.

शंभर बीजांडं लावली तर सत्तर-ऐंशी विभागतात आणि सातव्या दिवसापर्यंत तीस-चाळीस पोचतात. चांगल्या लॅबमध्येही हेच प्रमाण आहे. बहुतेकांना वाटतं की बाकीचे आमच्या हातून जातात. काही जातातही, औषधाची एखादी बॅच खराब निघते, इन्क्युबेटर दगा देतो. पण बहुतांश हिशेब बीजांड सुईत येण्याआधीच ठरलेला असतो. ते बीजांडकोशात कित्येक आठवडे, महिने वाढत असतं. तेव्हा गाय कशी होती, काय खात होती, किती उन्हात उभी होती, त्यावर शिदोरी भरते. लॅबमध्ये मी ती राखू शकते, वाढवू शकत नाही.

---

माणदेशी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:५०

मॅडम, धागा वाचला आणि झोप उडाली. मी सांगोल्याकडचा. मागच्या मे महिन्यात सहा जर्सी संकरित गाईंत गीरचे गर्भ ठेवून घेतले. ज्यांनी ठेवले त्यांचं नाव घेत नाही. येताना म्हणाले, "दादा, चार तरी नक्की." एकच गाभण राहिली. बाकीच्या पाच उलटल्या, त्यातली एक तर दोन महिने थांबून मग उलटली. परत फोन केला तर म्हणाले तुमच्या गाईच खराब. माझ्या गाई खराब नाहीत हो. दरवर्षी विणाऱ्या गाई आहेत. पैशाचं दुःख आहेच, पण त्या बोलण्याचं जास्त लागलं.

जी राहिली ती याच महिन्यात विणार आहे. तिचं नाव चंद्रा.

---

भ्रूणवेडी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

दादा, "चार तरी नक्की" हे बोलणंच चूक होतं. ताजा आयव्हीएफ गर्भ ठेवला तर तीसेक दिवसांच्या सोनोग्राफीत साधारण ३५ ते ४५ टक्के गाई गाभण दिसतात. गोठवून वितळवलेला असेल तर त्याहून कमी. ३५ टक्के धरले तर सहात सरासरी दोन. आणि सगळं नीट होऊनही सहापैकी एक किंवा शून्य येण्याची शक्यता जवळजवळ तीनात एक आहे, गणित करून बघा. म्हणजे तुमच्या गाई खराब असल्याचा हा काही पुरावा नाही. हे तुम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं.

आता मे महिना. सातव्या दिवसाचा गर्भ उन्हाला बऱ्यापैकी सोसतो. उन्हाने सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बीजांडाचं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांच्या भ्रूणाचं, कारण स्वतःची जनुकं चालू नसताना उष्णतेपासून बचाव करायला त्याच्याकडे पुरेसं काही नसतं. म्हणून कडक उन्हाळ्यात साध्या रेतनापेक्षा गर्भ प्रत्यारोपण सरस ठरू शकतं. पण दाता गाई कुठे होत्या? त्याही उन्हातच असतील, तर बीजांडंच भाजलेली आली. उन्हाळ्यात भाजलेल्या बीजांडांचा परिणाम ऊन सरल्यावरही काही आठवडे दिसत राहतो.

दुसरा प्रश्न, गर्भ ठेवायच्या दिवशी तुमच्या गाईंची सोनोग्राफी केली होती का? नुसता माज दिसला एवढं पुरत नाही. बीजांड सुटलेल्या जागी पिवळा पिंड तयार झालेला हवा, आणि गर्भ गर्भाशयाच्या त्याच बाजूच्या शिंगात जायला हवा. माजाची तारीख एका दिवसाच्या आत-बाहेर जुळायला हवी. गाईचं गर्भाशय आठवं-नववं पान वाचत असताना तिच्या हाती सातवं पान दिलं, तर तिला ते पटत नाही.

दोन महिने थांबून उलटलेल्या गाईबद्दल: ती बहुधा गाभण राहून गर्भ गेलेली असणार. आयव्हीएफ गर्भांत तीस ते साठ दिवसांच्या दरम्यान असं जास्त होतं. फार दुखतं ते, मला माहीत आहे.

---

माणदेशी | १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

सोनोग्राफी नाही केली. हात घालून बघितलं आणि ठेवले. बळस (माजाचा चिकट स्राव) कधी दिसली ती तारीख मी सांगितली होती, दोघींची अंदाजेच होती. आता कळतंय.

---

निवृत्त_पशुवैद्य | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

भ्रूणवेडी ताईंनी छान उलगडून सांगितले. मी ३४ वर्षे सरकारी दवाखान्यांत काढली, त्यातली निम्मी कृत्रिम रेतनाची नळकांडी मोटारसायकलवर बांधून गावोगाव फिरण्यात. माझा थोडा वेगळा सूर ऐकून घ्यावा.

हे शास्त्र कालपरवाचे नाही. एका गाईचा गर्भ दुसरीत ठेवून पहिले वासरू अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९५१ साली झाले. गोठवलेल्या गर्भाचे पहिले वासरू १९७३ साली इंग्लंडात, नाव फ्रॉस्टी. शरीराबाहेर फलन होऊन पहिले वासरू १९८१ साली पेनसिल्व्हेनियात, नाव व्हर्जिल. आणि म्हशीत हे जगात पहिल्यांदा साधले ते आपल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत, १९९० मध्ये, त्या रेडकाचे नाव प्रथम. ही बातमी वाचली तेव्हा मी विदर्भात एका तालुक्याला होतो. दवाखान्यात पेढे वाटले होते, आणि लोक विचारत होते की डॉक्टर, मुलगा झाला का.

म्हणून मी या तंत्राच्या विरोधात नाही. माझी हरकत क्रमाबद्दल आहे. ज्या गोठ्यात खनिज मिश्रण नाही, दूध मोजून लिहिले जात नाही, माज दोन वेळा निरखला जात नाही, तिथे आयव्हीएफ नेणे म्हणजे पाया न खणता घर बांधणे. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ ही संस्था उभी केली. तेव्हापासूनचा अनुभव हाच सांगतो की साधे रेतन शेतकऱ्याच्या दारात वेळेवर पोचले तरी केवढा फरक पडतो. राष्ट्रीय गोकुळ मिशनखाली आयव्हीएफच्या खात्रीशीर गाभणीमागे पाच हजार रुपयांचे साहाय्य ठेवले गेले, ते चांगलेच. पण दाता गाय खरोखर किती दुधाची, हे वहीत लिहिलेले नसेल, तर आपण नेमके काय वाढवतो आहोत?

---

भ्रूणवेडी | १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

डॉक्टर, शेवटच्या वाक्यावर माझं काहीच म्हणणं नाही, तुम्ही बरोबर आहात. गेल्या वर्षी एक गीर गाय दाता म्हणून आली होती, दिसायला देखणी, लोंबते कान, कपाळ फुगीर. दूध किती, तर "पंधरा लिटर असेल". मोजलेलं नव्हतं. आम्ही नकार दिला. पुढे तिच्या मालकाने दुसरीकडून गर्भ करून घेतले.

पण "आधी चारा, मग आयव्हीएफ" हे मला पुरतं पटत नाही. दोन्ही बरोबरच चालावं लागेल, कारण उत्तम गाय आयुष्यात सात-आठ वासरं देते, त्यातल्या कालवडी निम्म्या. तेवढ्यावर थांबलो तर जात सुधारायला आपल्या नातवंडांचं आयुष्य जाईल.

---

उबेराबाहून_मराठी | ११ फेब्रुवारी, पहाटे ४:१०

मी ब्राझीलमध्ये मिनास जेराइस राज्यात उबेराबा इथे प्रशिक्षणासाठी आहे. हे शहर म्हणजे वशिंडाच्या गाईंची पंढरी. त्यांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या संघटनेचं मुख्यालय इथेच आहे. मूळ गावी आमच्या घरी डांगी होत्या.

इथली गीर आपल्याकडूनच आली. १९६० च्या आसपास भावनगरच्या महाराजांच्या कळपातला कृष्णा नावाचा वळू इथल्या एका पशुपालकाने नेला, आणि आज इथल्या कितीतरी गीर गाईंच्या वंशावळीत त्याचं नाव सापडतं. पुढे या लोकांनी दोन गोष्टी चिकाटीने केल्या. प्रत्येक गाईचं दूध मोजून लिहिलं, आणि बीजांड ओढण्याचं तंत्र जगात सर्वात मोठ्या प्रमाणावर राबवलं. वशिंडाची गाय बीजांडं जास्त देते, हा गुण त्यांनी ओळखला. २०१६ पासून जगभरात बशीत वाढवलेल्या गर्भांची संख्या गाईच्या पोटातून धुऊन काढलेल्यांपेक्षा जास्त झाली, त्यात ब्राझीलचा वाटा मोठा आहे.

इथे पहिल्या दिवशी मला सूक्ष्मदर्शक दिला नाही, वही दिली. चाळीस गाईंच्या तीन पिढ्यांचं दूध त्यात होतं. निवृत्त डॉक्टरांचं म्हणणं म्हणूनच मला पटतं.

---

रेवा_आई | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:२५

मी शेतकरी नाही, ठाण्यात राहते. चुकून या धाग्यावर आले आणि पूर्ण वाचला. चार वर्षांपूर्वी माझं स्वतःचं आयव्हीएफ झालं. तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला होता, "नऊपैकी सहा छान आहेत." पाचव्या दिवशी पुन्हा फोन, "दोनच उरले." मी त्या रात्री खूप रडले होते, मला वाटलं माझ्याच काहीतरी हातून झालं. मधल्या दोन दिवसांत काय घडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज गाईच्या धाग्यावर कळलं. माणसातही असंच असतं का?

---

भ्रूणवेडी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:००

रेवाताई, हो, असंच असतं. माणसात भ्रूणाची स्वतःची जनुकं मुख्यत्वे चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर चालू होतात, उंदरात तर दोन पेशींनाच. गाय त्या बाबतीत उंदरापेक्षा आपल्या जास्त जवळची, म्हणून माणसाच्या भ्रूणाबद्दल जाणून घ्यायला संशोधक गाईची बीजांडं वापरतात. ती कत्तलखान्यातून आणलेल्या बीजांडकोशांतून मिळतात, ती टाकूनच द्यायची असतात.

तिसऱ्या दिवशीचे सहा "छान" होते ते तुमच्या शिदोरीवर. पुढचे चार थांबले ते बहुधा गुणसूत्रांच्या वाटपात आधीच चूक झाली होती म्हणून. तुम्ही जिना चढलात की उतरलात, याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्या नावावरून वाटतं की त्या दोघांपैकी एक रेवा आहे. तिला खूप प्रेम.

---

रेवा_आई | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१२

हो. आत्ताच झोपली.

---

खिल्लारवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४५

सगळे गीर, साहिवाल म्हणतायत. आमच्या खिल्लारचं काय? देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला, यांचं काय? दूध कमी म्हणून यांना लॅबमध्ये कुणी नेणार नाही. उलट खिल्लार गाईच्याच पोटी गीरचं वासरू वाढवतील, म्हणजे खिल्लारचं एक वेत वाया. शिवाय पाच-दहा दाता गाईंचीच वासरं सगळीकडे झाली तर सगळं रक्त एकाच घरचं होणार. हा धोका कुणी बोलतच नाही.

---

भ्रूणवेडी | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

बोलते, कारण हा धोका खरा आहे. दाता कमी आणि वळू त्याहून कमी असले तर दोन पिढ्यांत जवळच्या रक्तातलं प्रजनन वाढतं. आम्ही एका दात्यावर एकच वळू पुन्हा पुन्हा वापरत नाही, पण हे प्रत्येक लॅबच्या नियमातच असायला हवं.

खिल्लारबद्दल मात्र हेच तंत्र उपयोगी पडू शकतं. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गर्भ वर्षानुवर्षं टिकतो. निवडक खिल्लार गाईंचे, वेगवेगळ्या तालुक्यांतल्या वेगवेगळ्या वळूंचे गर्भ साठवून ठेवले, तर २०२२ सारखी लम्पीची साथ आली तरी जात हातची जाणार नाही. तांत्रिक अडचण एकच: बशीत वाढलेल्या गर्भाच्या पेशींत चरबीचे थेंब जास्त असतात, त्यामुळे गोठवताना त्यातले काही मरतात. त्यावर जगभर काम चालू आहे. आणि सरोगेट म्हणून खिल्लार वापरू नये हे तुमचं म्हणणं मान्य. संकरित गाई पुष्कळ आहेत.

---

खिल्लारवाला | १३ फेब्रुवारी, रात्री १०:५५

ताई, मग माझ्या दोन गाई आणि भावकीतल्या तीन, लिहून घ्या. दूध मोजून ठेवतो उद्यापासून. कामाच्या बैलांची नोंदही देतो, कुठला किती चालला ती.

---

निवृत्त_पशुवैद्य | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

खिल्लारवाले, तुमचा तालुका मला खाजगी निरोपात कळवा. नोंदीचा तक्ता मी करून देतो.

एक तांत्रिक भर. गर्भ ठेवल्यानंतरचे दोन आठवडे कुणी पाहत नाही, पण निम्मी लढाई तिथे असते. सातव्या दिवशी डोळ्यांना न दिसणारा गर्भ आठव्या-नवव्या दिवसाच्या सुमारास कवचातून बाहेर पडतो, मग लांबत जातो, आणि सोळा-सतराव्या दिवशी वीतभर दोऱ्यासारखा होतो. तोच दोरा इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन सोडून गाईला कळवतो, की मी आहे, पुन्हा माजावर येऊ नकोस. तो पुरेसा लांबला नाही तर निरोप पोचत नाही आणि गाय एकविसाव्या दिवशी माजावर येते. या काळात गाय ट्रकमध्ये घालून हलवू नका, लसीकरण टाळा, चारा अचानक बदलू नका.

---

माणदेशी | १७ फेब्रुवारी, पहाटे ५:२०

चंद्रा व्याली. रात्री अडीचला. कालवड आहे. लांब कान, तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका. जर्सीच्या पोटी गीर बघून आई म्हणाली, हिची आई नक्की कोण?

चंद्राच चाटतेय तिला मघापासून.

---

भ्रूणवेडी | १७ फेब्रुवारी, सकाळी ५:४५

दादा! आईंना सांगा, रक्त दूरच्या गीरचं, पण रोगाशी लढायची पहिली ताकद चंद्राची. वारेतून वासराला ती मिळत नाही, फक्त चिकातून मिळते, आणि चंद्रा तुमच्या गोठ्यातल्या रोगांना ओळखते. चीक पाजला का? पहिल्या दोन तासांत, वजनाचा दहावा हिस्सा.

---

माणदेशी | १७ फेब्रुवारी, सकाळी ६:०२

तीनला पाजला. दोन लिटर, मोजून. वहीत लिहिलाय.